गाऊटची गोळी सुरू करण्याआधी: एचएलए-बी*५८:०१ टेस्ट मुंबईत कशी करून घ्यायची

तुम्हाला किंवा घरात कोणाला गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याचा आजार आहे, डॉक्टर म्हणाले आता ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड कमी करायची गोळी सुरू करू, आणि नेमकं तेव्हाच कुठूनतरी कानावर आलं की या गोळीची काही जणांना भयंकर रिॲक्शन येते आणि तो धोका कोणाला जास्त आहे ते आधी जीन टेस्ट करून कळतं. मग घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते करूनच टाका, दुसरी म्हणते हे सगळे लॅबवाल्यांचे धंदे. आमच्याकडे अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वेळी अगदी हेच झालं. त्यांना गाऊट आणि किडनीचा त्रास दोन्ही, म्हणून टेस्ट केली, आणि त्यात माणूस कुठे कुठे अडकतो ते इथे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी द्यायची की नाही ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि लॅबच्या काउंटरवर काय बोलायचं ते नक्की सांगू शकते.

आधी भानगड काय आहे ते थोडक्यात. ॲलोप्युरिनॉल हे वाईट औषध नाही हो, १९६० च्या दशकापासून जगभर वापरात आहे, स्वस्त आहे, आपल्याकडे झायलोरिक या नावाने बऱ्याच जणांना माहीत असतं. लाखो लोक ते घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण अगदी थोड्या लोकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती या औषधावर उलटते, आणि मग साधं पुरळ नाही, तर ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग आणि कातडी अक्षरशः सोलून निघणं इथपर्यंत जातं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) ही त्यातली गंभीर रूपं, आणखी एक प्रकार आहे ड्रेस नावाचा ज्यात लिव्हर-किडनीसुद्धा सापडतात. यात माणूस दगावू शकतो. २००५ मध्ये तैवानच्या संशोधकांनी अशी रिॲक्शन आलेल्या ५१ जणांचं रक्त तपासलं तर ५१ च्या ५१ जणांमध्ये एचएलए-बी*५८:०१ हा जीनचा प्रकार सापडला, आणि ज्यांना गोळी नीट सोसली होती त्यांच्यात तो साधारण १५ टक्के लोकांमध्येच होता. तिथून ही टेस्ट आली.

१. मुळात गोळीची गरज आहे का ते विचारा

ही पायरी सगळे गाळतात. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये युरिक ॲसिड साडेसात आलं, लाल अक्षरात छापून आलं, की लगेच कोणीतरी गोळी सुरू करतं. पायाचा अंगठा कधी सुजला नाही, स्टोन झाला नाही, काही त्रास नाही, नुसता आकडा वाढलाय, तर अशा माणसाला सहसा युरिक ॲसिड कमी करायची गोळी लागत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२० च्या गाईडलाईनमध्येसुद्धा हेच सांगितलंय. जी गोळी लागतच नव्हती तिची रिॲक्शन येऊन हॉस्पिटल गाठायचं, याच्यासारखं दुर्दैव नाही.

उलट बाजूने, तुम्ही ॲलोप्युरिनॉल दोन-चार वर्षं घेताय आणि सगळं व्यवस्थित आहे, तर हे वाचून घाबरून बंद करू नका आणि टेस्टच्या मागेही लागू नका. ही रिॲक्शन बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते. टेस्टचा उपयोग पहिली गोळी पोटात जाण्याआधी.

२. टेस्ट तुमच्यासाठी आहे का, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच २०२० च्या गाईडलाईनमध्ये टेस्ट कोणाची करावी याची जी यादी आहे त्यात हान चिनी, कोरियन, थाई अशा आग्नेय आशियाई वंशाचे लोक आणि आफ्रिकन-अमेरिकन लोक आहेत. भारतीयांचं नाव त्यात नाही. त्यामुळे तुमचे डॉक्टर म्हणाले की मला गरज वाटत नाही, आपण अगदी कमी डोसने सुरू करू आणि लक्ष ठेवू, तर ते काही हलगर्जीपणा करत नाहीयेत, हा मान्य असलेला मार्ग आहे. पण हा जीन भारतीयांमध्ये असतो हेही तितकंच खरं, आणि काही गोष्टी असतील तर विषय जास्त आग्रहाने काढा.

पहिली म्हणजे किडनी. ॲलोप्युरिनॉलचं शरीरात ऑक्सिप्युरिनॉल होतं आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी मंदावली की ते रक्तात साचत जातं, आणि जीन असेल तर धोका आणखी वाढतो. दुसरी, लघवी जास्त करणारी गोळी. ती आपण घेतोय हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण ती बीपीच्या गोळीतच मिसळलेली असते. घरातली बीपीची स्ट्रिप काढून बघा, नावाच्या शेवटी एच असेल तर बहुतेक त्यात हायड्रोक्लोरोथायाझाईड आहे, आणि गंमत म्हणजे त्या औषधाने युरिक ॲसिडही वाढतं. अण्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच गोळी बदलली. तिसरी, घरात कोणाला पूर्वी या गोळीने त्रास झालाय का.

आणि एक वेगळाच धोका, ज्याचा या जीनशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणी ॲझाथायोप्रिन घेत असेल, म्हणजे किडनी ट्रान्सप्लांट झालेले किंवा काही आतड्याच्या-सांध्यांच्या आजाराचे पेशंट, तर ॲलोप्युरिनॉलबरोबर ते अंगात साचतं आणि रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात. जीन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून हा धोका टळत नाही, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवाच.

३. पैसे भरण्याआधी जुनी फाईल उघडा

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, फाईल चाळताना लक्षात आलं. तुमच्या पेशंटची किडनी ट्रान्सप्लांटसाठी किंवा भावाबहिणीला बोनमॅरो देण्यासाठी कधी एचएलए टायपिंग, म्हणजे दोघांचे एचएलए जीन जुळतात का ते बघणारी टेस्ट, झालेलं असेल तर त्या रिपोर्टमध्ये एचएलए-बी ची ओळ आधीच आहे. प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन प्रकार मिळतात, त्यामुळे सहसा दोन नोंदी दिसतील. त्यातली एकही ५८ ने सुरू होत नसेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, कदाचित नवीन टेस्टची गरजच पडणार नाही. जुन्या ढोबळ रिपोर्टमध्ये नुसतं बी५८ किंवा त्याहून जुन्यात बी१७ लिहिलेलं असेल तर मात्र ते पुरेसं नाही, कारण ५८ मध्येही ०१, ०२ असे पोटप्रकार असतात आणि आपल्याला ०१ हवाय. तिथे टेस्ट करावीच लागेल.

४. टेस्टचं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून घ्या

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. आपल्याकडे सांधेदुखीच्या पेशंटची एचएलए-बी२७ ही टेस्ट खूप होते, ती मणक्याच्या एका आजारासाठी असते, आणि प्रत्येक लॅबच्या काउंटरवरच्या मुलाला ती तोंडपाठ असते. तुम्ही म्हणालात एचएलए बी, सांध्यांच्या डॉक्टरांनी सांगितलीय, की त्याचा हात आपोआप बी२७ वर जातो. आमच्याबरोबर हेच झालं. एका लॅबमध्ये मी चिठ्ठी दिली, त्याने कॉम्प्युटरमध्ये टाकलं, बिल काढलं, अण्णांची बाही वर करून झाली, आणि मी बिलावर नाव वाचलं म्हणून कळलं. त्याचं उत्तर काय, तर मॅडम एकच असतं ते. एकच नसतं. बी२७ चा रिपोर्ट घेऊन तुम्ही ॲलोप्युरिनॉलचा निर्णय घेऊच शकत नाही.

असाच दुसरा गोंधळ बी*१५:०२ शी होतो, ती फिटच्या कार्बामाझेपिन गोळीसाठी असते. काही ठिकाणी औषधांच्या रिॲक्शनचं एकत्र पॅकेज असतं, त्यात ५८:०१ आहे का ते विचारून मगच घ्या.

तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, स्टार आणि कोलनसकट पूर्ण नाव लिहून घ्या आणि खाली "ॲलोप्युरिनॉल सुरू करण्यापूर्वी" एवढी एक ओळ. ती एक ओळ असली की लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टलाही कळतं काय हवंय.

५. लॅब शोधताना

कोपऱ्यावरच्या छोट्या लॅबमध्ये ही टेस्ट सहसा होत नाही, ते सॅम्पल घेतात आणि मोठ्या लॅबला पाठवतात. त्यात वाईट काही नाही, फक्त तुम्हाला माहीत हवं. फोन करून एवढं विचारा:

- ५८:०१ ची टेस्ट करता का, आणि ती तुमच्याकडे होते की बाहेर पाठवता
- रिपोर्ट किती दिवसांत मिळेल, कारण ही शुगरसारखी संध्याकाळी मिळणारी टेस्ट नाही
- घरी येऊन सॅम्पल घेणाऱ्या माणसाकडे या टेस्टचं नाव बुकिंगमध्ये नीट गेलंय का
- एकूण पैसे किती, घरी येण्याचा चार्ज धरून

खर्च साध्या युरिक ॲसिडच्या टेस्टपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि लॅबगणिक बराच फरक पडतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचाराच. मेडिक्लेम आहे म्हणून खूश होऊ नका, बहुतेक साध्या पॉलिसी ॲडमिट न होता केलेल्या टेस्टचे पैसे देत नाहीत, ओपीडी कव्हर असेल तरच. परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या महापालिकेच्या-सरकारी हॉस्पिटलांपैकी जवळच्या ठिकाणी केसपेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा आणि तिथल्या डॉक्टरांनाच विचारा की टेस्ट कुठून करता येईल किंवा टेस्टशिवाय सुरक्षितपणे कसं सुरू करता येईल. सकाळी लवकर जा, परळला केईएममध्ये नऊनंतर गेलात तर रांग बघूनच पाय गळतात, आणि गाऊटवाल्याचे पाय आधीच गेलेले असतात.

बरोबर न्यायची कागदपत्रं: डॉक्टरांची चिठ्ठी, अलीकडचा क्रिएटिनिन आणि ईजीएफआरचा (किडनी किती काम करतेय ते सांगणारा) रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी किंवा सरळ स्ट्रिपांचे फोटो, जुना एचएलए रिपोर्ट असेल तर तो, आणि आधार किंवा कुठलंही ओळखपत्र. नाव आणि वय सगळीकडे एकसारखं लिहा. अण्णांचं नाव आधारवर एक आणि जुन्या फाईलवर घरचं, असा प्रकार असतो, मग रिपोर्ट कोणाचा यावर वाद.

६. सॅम्पल देताना

उपाशी राहायची गरज नाही. जीन जेवणाने बदलत नाही, चहा-पोहे खाऊन जा. थोडंसंच रक्त घेतात, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, सीबीसीला वापरतात तीच. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये हेपरिन असतं आणि ते पीसीआरच्या, म्हणजे जीन तपासायच्या पद्धतीच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे सॅम्पल घेणाऱ्याने हिरवी काढली तर एकदा विचारा. काही लॅब गालाच्या आतून कापसाच्या काडीने सॅम्पल घेतात, तेही चालतं. ट्यूबवर नाव तुमच्यासमोर लिहू द्या.

कोणाचा बोनमॅरो ट्रान्सप्लांट झाला असेल तर आधी सांगा, कारण मग रक्तात डोनरचे जीन दिसतात.

७. रिपोर्ट येईपर्यंत

गोळी सुरू करायची नाही. हे मी ठळकपणे लिहितेय कारण केमिस्टकडे जाऊन "युरिक ॲसिडची गोळी द्या" म्हटलं की बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी न बघता देतात आणि घरातलं कोणीतरी प्रेमाने आणून ठेवतं. सुजलेल्या अंगठ्यासाठी ॲलोप्युरिनॉल लगेच कामाला येत नाही, उलट सुरुवातीच्या दिवसांत अटॅक वाढूही शकतात. दुखतंय त्याचं औषध वेगळं असतं, कोल्चिसिन, स्टेरॉइड किंवा पेनकिलर, आणि त्यातलं कोणतं ते डॉक्टर ठरवतात. किडनीचा त्रास असेल तर मनाने पेनकिलर घेऊ नका. म्हणजे रिपोर्टची वाट बघण्यात काही नुकसान होत नाही.

शेजारपाजारचे या काळात पालक, टोमॅटो, डाळ सगळं बंद करायला लावतात. बंद करायचीच तर बिअर करा, आणि सुके बोंबील, कोळंबी, कलेजी कमी करा. वरणभाताने गाऊट उठत नाही.

८. रिपोर्ट कसा वाचायचा

बहुतेक ठिकाणी डिटेक्टेड किंवा नॉट डिटेक्टेड असं लिहून येतं, काही ठिकाणी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आलं म्हणून घरात रडारड नको, हा आजार नाही, कोणाला लागत नाही, याने आयुष्यात दुसरं काही अडत नाही. अर्थ इतकाच की हे एक औषध तुमच्यासाठी जास्त धोक्याचं आहे. खरं तर पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांनाही गोळी घेतली तरी रिॲक्शन येत नाही, पण कोणाला येईल ते आधी सांगता येत नाही आणि आली तर जीवावर बेतते, म्हणून सरळ टाळतात. तैवानमध्ये १५ हॉस्पिटलांत २,९२६ जणांची आधी टेस्ट केली, जवळजवळ पाचवा हिस्सा पॉझिटिव्ह निघाला, त्यांना दुसरं औषध दिलं, बाकीच्यांना ॲलोप्युरिनॉल, आणि त्यात एकालाही गंभीर रिॲक्शन आली नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टर बहुतेक फेबुक्सोस्टॅटकडे वळतात. हार्टचा आजार असेल तर तेव्हाच बोला, कारण अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये त्या औषधावर हृदयासंबंधी कडक इशारा टाकला. नंतरच्या एका मोठ्या युरोपियन अभ्यासात तसा वाढीव धोका दिसला नाही, म्हणून निर्णय माणूस बघून घेतात.

एकदा केलेली टेस्ट आयुष्यभर पुरते. कोणी दरवर्षी करा म्हणालं तर नमस्कार करून उठा.

९. निगेटिव्ह आलं तरी पहिले तीन महिने डोळे उघडे

टेस्ट निगेटिव्ह म्हणजे धोका खूप कमी, शून्य नाही. म्हणूनच डॉक्टर रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, किडनी कमकुवत असेल तर ५० पासून सुरू करतात आणि हळूहळू वाढवत युरिक ॲसिड ६ च्या खाली आणतात. लवकर बरं वाटावं म्हणून स्वतःहून ३०० वर उडी मारू नका.

आता यातला खरा धोका ऐका. आपल्या घरात अंगावर काहीही उठलं की पित्त उठलंय म्हणतात, आमसुलाचं पाणी लावतात, आणि दोन दिवस थांबू म्हणतात. एरवी ठीक आहे. पण ही गोळी नवीन सुरू असताना थांबायचं नाही. अंगावर लाल चट्टे, त्याबरोबर ताप, घसा किंवा डोळे जळजळणं, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड, चेहऱ्यावर सूज, कातडीला हात लावला तरी दुखणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही दिसलं की पुढची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन, आणि फोड किंवा ताप असेल तर सरळ आयसीयू असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. गोळीची स्ट्रिप बरोबर न्या आणि दारातच सांगा की ॲलोप्युरिनॉल अमुक दिवशी सुरू केलं. आमच्या फ्रिजवर ती तारीख पेनने लिहून चिकटवलेली होती, सासूबाई म्हणायच्या दुधाचा हिशोब आहे की काय.

ज्याला एकदा अशी रिॲक्शन आली त्याला ॲलोप्युरिनॉल पुन्हा कधीच द्यायचं नाही, मग जीन टेस्ट निगेटिव्ह असली तरी. रिॲक्शनची नोंद औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर पेशंट स्वतःही करू शकतो.

१०. पॉझिटिव्ह असेल तर कागद आणि नातेवाईक

रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये, झेरॉक्स फाईलच्या पहिल्या पानावर, आणि पाकिटात एक चिठ्ठी: "ॲलोप्युरिनॉल देऊ नये." औषधाचं मूळ नाव लिहा, कारण कंपनीची नावं ढीगभर आहेत आणि गावाला गेल्यावर तिथला डॉक्टर वेगळ्याच नावाने तेच देईल.

आईवडिलांपैकी एकाच्या दोन प्रकारांपैकी एक हा असला तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते, सख्ख्या भावंडांतही असू शकतो. सगळ्यांना आजच पळत जाऊन टेस्ट करायची गरज नाही, ज्याला कधी ही गोळी सुरू करायची वेळ येईल त्याने आधी करावी. फक्त त्यांना सांगून ठेवा, आणि काकांना फोनवर सांगू नका, ते विसरतात, व्हॉट्सॲपवर रिपोर्टच पाठवा.